नॉमिनीचा रकाना आधी वाच

चि. सायली हिस,


तुझा मेल काल वाचला. चाकणच्या कंपनीनं कायदा विभागात जागा देऊ केलीय, काम पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम, प्रसूती रजा, ईएसओपी असल्या गोष्टींचं, पगार चांगला. आणि तुझ्या बाबाचं म्हणणं, एलएलएम करून एचआरच्या फायलीच सांभाळायच्या तर बँकेची परीक्षा काय वाईट होती. तो माझा धाकटा भाऊ, त्याचं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलेय, तू मनावर घेऊ नकोस. पण बाहेरून हे काम फायलींचंच दिसतं, एवढं त्याचं खरं आहे. काळा कोट नाही, उलटतपासणी नाही, निकालाच्या दिवशी पेढे नाहीत. एखादं कलम तू आज लिहितेस, त्याला मंजुरी मिळते, ते पीडीएफमध्ये जाऊन पडतं आणि वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. उघडतं तेव्हा कुणाच्या तरी घरात काहीतरी कोसळलेलं असतं: माणूस गेलेला असतो, नोकरी गेलेली असते, बाळंतपणात गुंतागुंत झालेली असते, नाहीतर कंपनीच बुडायला आलेली असते. तेव्हा ‘मॅडम, तुम्हाला इथं नेमकं काय म्हणायचं होतं’ असं विचारायला कुणी येत नाही. कागदावर जे असेल ते लागू होतं. म्हणून मसुदा करताना समोर बसलेल्या डायरेक्टरला काय हवंय ते बघच, पण तो कागद पुढं ज्याच्या हातात पडणार त्याच्या नजरेनंही एकदा वाच. मी इतकी वर्षं पगार घेतला तो मुख्यतः या एका सवयीवर.

आता व्यवहाराचं. आधी सनद. पूर्णवेळ पगारी नोकरीत गेलीस की बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे तुला वकिली करता येत नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यावी लागते. हिमाचलच्या वीज मंडळातल्या एका कायदा अधिकाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2001 मध्येच या नियमावर शिक्कामोर्तब केलंय. तरी काही जण कळवत नाहीत आणि व्हिजिटिंग कार्डावर ‘अॅडव्होकेट’ छापून मोकळे होतात. तू तसं करू नकोस. पुढं कधी कोर्टात परतावंसं वाटलं तर सनद पुन्हा सुरू करून घेता येते, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.

याला जोडून दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. तपास यंत्रणांनी वकिलांना समन्स पाठवण्याबद्दलचं जे प्रकरण सुप्रीम कोर्टानं स्वतःहून हाती घेतलं होतं, त्यात 31 ऑक्टोबर 2025 ला निकाल देताना कोर्टानं कंपनीच्या पगारावरच्या वकिलांचाही प्रश्न सोडवून टाकला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 खाली वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवण्याचं जे संरक्षण आहे, ते आपल्यासारख्यांना नाही. कलम 134 मधून मिळेल तेवढाच आडोसा. याचा अर्थ साधा आहे: मेल लिहिताना तो पीएफ कमिशनरसमोर मोठ्यानं वाचला जाणार आहे असं समजून लिही. ‘बेसिक कमी ठेवून पीएफ वाचतो, रिस्क लो’ अशी घाईत टाकलेली एक ओळ पीएफ कायद्याच्या कलम 7-एच्या चौकशीत किती वाईट दिसते हे मी पाहिलंय. नाजूक प्रश्नावर बाहेरच्या वकिलाचं लेखी मत घे. त्याचे पैसे फायनान्सवाले कुरकुरत देतील, पण देतील.

मग प्रश्न येतो, तू कुणाची वकील? उत्तर एका शब्दाचं आहे, कंपनीची. हे उत्तर लोक तुला दुसऱ्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये विसरायला लावतील. मशीन शॉपमधला कुणी काका ताट घेऊन समोर येऊन बसेल आणि विचारेल, ‘मॅडम, व्हीआरएस घेऊ का? तुम्हीच सांगा, तुम्ही वकील आहात.’ तुझ्या बाबाच्या वयाचा माणूस, मुलीचं लग्न ठरलेलं, सगळी जमापुंजी या एका सहीवर. तोंडावर येतं सांगावं. सांगू नकोस. आणि उडवूनही लावू नकोस. ‘काका, ही योजना कंपनीनं केलीय आणि मी कंपनीची वकील आहे, योजनेत काय लिहिलंय ते वाचून दाखवते, पण घ्यावी की नाही हे युनियनच्या वकिलाला नाहीतर तुमच्या ओळखीच्या सीएला विचारा’ एवढं नीट बसून सांग. हे वाक्य बोलायला जीभ जड होते, पण गोड बोलून दिलेला सल्ला उद्या त्याच्या विरुद्ध वापरावा लागला तर त्याहून वाईट.

गंमत म्हणजे कंपनीची वकील असूनही तू त्याच योजनांची लाभार्थीही असतेस. ज्या रजेच्या धोरणाचा मसुदा तू करणार, त्याच धोरणाखाली तुझी रजा मंजूर होणार. ज्या ईएसओपी योजनेत बदल सुचवणार, तिच्यात तुझ्या साहेबाचे लाखो रुपये अडकलेले असणार. अशा वेळी ‘या बदलाचा मला किंवा मी ज्यांना रिपोर्ट करते त्यांना थेट फायदा आहे’ हे फायलीवर लिही आणि मत बाहेरून मागव. कुणी हसलं तर हसू दे.

आता तो रकाना, ज्याच्यामुळं पत्राला हा मथळा दिला.

मी ज्या कारखान्यात होते तिथं एक फिटर रात्रपाळीहून घरी जाताना अपघातात गेला. चाळिशीही गाठलेली नव्हती. पंधरा दिवसांनी त्याची बायको, शाळकरी मुलगी आणि दीर असे तिघं एचआरमध्ये आले. दिराच्या हातात ग्रॅच्युइटीच्या नॉमिनेशन फॉर्मची झेरॉक्स होती, तीही लॅमिनेट केलेली. ज्या माणसानं फॉर्म लॅमिनेट करून आणलाय तो काय ठरवून आलाय हे सांगायला ज्योतिषी नको. मूळ फॉर्म फायलीतून काढला. निळ्या बॉलपेननं भरलेला, वैवाहिक स्थितीपुढं ‘अविवाहित’, नॉमिनी म्हणून भावाचं नाव, हिस्सा शंभर टक्के, साक्षीदार म्हणून टाइम ऑफिसच्या दोघांच्या सह्या. रुजू झाल्याच्या दिवशी इतर दहा कागदांबरोबर भरलेला. त्यानंतर त्या फॉर्मला कुणी हात लावला नव्हता. एचआरच्या अधिकाऱ्यानं दिराच्या नावानं चेकची नोंद टाकूनही ठेवली होती. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता: कागदावर नाव आहे, त्याला पैसे.

कायदा असं म्हणत नव्हता. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम 6 प्रमाणे कुटुंब नसताना कुणाचंही नाव घालता येतं, पण पुढं कुटुंब झालं की ते नॉमिनेशन आपोआप रद्द होतं, नवीन करावं लागतं. आणि कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो. भाऊ त्या व्याख्येत बसत नाही. पीएफच्या योजनेतही हेच: लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर चालत नाही. फिटरचे आई-वडील आधीच वारलेले, त्यामुळं वारस उरल्या बायको आणि मुलगी. मुलगी अज्ञान, तिचा हिस्सा कंट्रोलिंग ऑथॉरिटीकडे जमा करायचा आणि ती सज्ञान होईपर्यंत तो बँकेत गुंतवून ठेवला जातो. चेक थांबवला. दिरानं आवाज चढवला, मग वकिलाची नोटीस धाडली, तिला चार ओळींचं उत्तर गेलं आणि प्रकरण तिथंच मिटलं. त्या बाईंना तोवर हेही कुणी सांगितलं नव्हतं की नवऱ्याच्या पीएफ खात्याला जोडून ईडीएलआय नावाचा विमा असतो, ज्याची मर्यादा एप्रिल 2021 पासून 7 लाखांपर्यंत आहे, आणि 1995 च्या पेन्शन योजनेतून विधवेला आणि मुलांना महिन्याचं पेन्शन मिळतं. त्यांना वाटत होतं, चेक गेला म्हणजे सगळंच गेलं.

तेव्हा तू गेलीस की पहिल्या महिन्यात करायचं काम हे: दोनशे-तीनशे नॉमिनेशन फॉर्म स्वतः बसून वाच. पीएफची ई-नॉमिनेशन कितींनी भरलीत, किती फॉर्मवर ‘अविवाहित’ आहे आणि मेडिक्लेमच्या यादीत त्याच माणसाची बायको-मुलं आहेत, एवढं जुळवून बघ. दोन याद्या शेजारी ठेवल्या की भूतं आपोआप बाहेर येतात. मग दरवर्षी मेडिक्लेमच्या नूतनीकरणाच्या वेळीच सगळ्यांकडून नॉमिनेशन पुन्हा भरून घ्यायची पद्धत पाड. तेव्हा लोक तसेही घरच्यांची नावं तपासतच असतात. आणि लोकांना समजावताना एक लक्षात ठेव: नॉमिनी म्हणजे मालक, हा समज फार खोलवर रुजलाय. आयुर्विम्याच्या बाबतीत 1983 मध्ये, तेव्हाच्या कायद्यावर, आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीनं. ईएसओपीतून मिळालेल्या शेअर्सनाही हेच लागू.

गणिताचा तुला कंटाळा, माहितेय. पण या कामात कायद्याचं पुस्तक आणि कॅल्क्युलेटर एकाच टेबलावर लागतात. समजा कुणाचं शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता मिळून 39,000, नोकरी 18 वर्षं 7 महिने. सहा महिन्यांच्या वर गेलेला भाग पूर्ण वर्ष धरायचा, म्हणजे 19 वर्षं. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, पण महिना धरायचा 26 दिवसांचा: 39,000 ला 26 नं भाग, 15 नं गूण, 22,500, गुणिले 19, झाले 4,27,500. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी 26 च्या जागी 30 टाकला असेल तर उत्तर येतं 3,70,500. एका माणसामागं 57,000 कमी. हा 26 चा भागाकार 1980 मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं उचलून धरला आणि पुढं कायद्यातच आला. तू पगार विभागात जाऊन बस, सूत्र स्क्रीनवर दाखवायला सांग. ‘सिस्टीम करते मॅडम’ हे उत्तर स्वीकारू नकोस.

ग्रॅच्युइटी जप्त करण्याची फाईल आली तर जरा थांब. साहेब रागावलेला असतो, माणूस चोरी करताना सापडलेला असतो, सगळी ग्रॅच्युइटी गिळायची तयारी असते. फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नैतिक अधःपतनाच्या कारणावरून जप्ती करायला फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली असायलाच हवी असं नाही. हे वाक्य तुझ्या साहेबाला पाठ असेल. त्याच निकालात तिकिटाच्या पैशांची अफरातफर केलेल्या आपल्या एसटीच्या कंडक्टरांची जप्ती 25 टक्क्यांवर आणली, कारण रक्कम किरकोळ होती. हे वाक्य त्याला पाठ नसेल. दोन्ही एकाच मेलमध्ये लिही.

तुझ्या पहिल्या वर्षाचा बराचसा वेळ मात्र खाणार आहे ती ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या. आपल्याकडे पगाराची रचना म्हणजे एक कारागिरीच झाली होती. महिना 60,000 चा माणूस, मूळ वेतन 18,000, बाकी घरभाडं, प्रवास, विशेष भत्ता, अमुक भत्ता, तमुक भत्ता. पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं 18,000 वर. पीएफपुरता पहिला दणका फेब्रुवारी 2019 मध्ये बसला: विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की जो भत्ता सरसकट सगळ्यांना, नेहमीच मिळतो, तो नाव काहीही दिलं तरी मूळ वेतनातच धरायचा. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, त्यात व्याख्याच बदलली. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात परत येतो. वरच्या उदाहरणात ग्रॅच्युइटीचा पाया 18,000 वरून 30,000 वर गेला. पीएफची 15,000 ची मर्यादा धरून कपात करणाऱ्या कंपनीला त्या बाजूनं फारसा फरक पडत नाही, पण ग्रॅच्युइटीला अशी पगाराची कात्री नाही. तिला 2018 पासून फक्त एकूण 20 लाखांची कमाल मर्यादा आहे. त्यातून ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू. आधी मुदतबंद नेमणूक म्हणजे ग्रॅच्युइटीतून सुटका असा हिशोब करून बसलेल्या कंपन्यांचे ताळेबंद यानं हलले.

इथं तुला काही मंडळी भेटतील, बहुतेक सल्लागार कंपनीतून आलेली, हातात स्लाईड्स. ‘भत्त्यांची नवी रचना करून बोजा न्यूट्रल करता येईल.’ प्रत्येक वेळी त्यांचं नीट ऐक, आणि मग एकच विचार: या भत्त्यामागं खरा खर्च आहे का? रात्रपाळीला येणाऱ्याला दिलेला प्रवासखर्च खरा आहे. घरून काम करणाऱ्याला दिलेला ‘प्रवासभत्ता’ ही नाटकाची भाषा आहे, आणि चौकशी अधिकाऱ्यानं असली नाटकं तुझ्यापेक्षा जास्त पाहिलेली असतात. शिवाय हे सांभाळून बोल की जुन्या कायद्यांवरचे निकाल रद्दीत गेलेले नाहीत. संहितेतल्या कितीतरी तरतुदींचे शब्द जुनेच आहेत. 26 चा भागाकारसुद्धा तसाच आलाय.

फायनान्सच्या लोकांशी मैत्री कर. ग्रॅच्युइटीचं दायित्व दरवर्षी अॅक्च्युअरी काढतो, आणि त्याला व्याख्या बदलल्याचं कुणी कळवलं नाही तर तो जुन्याच पायावर हिशोब करून देतो. कागद तुझ्याकडून त्याच्याकडे गेला पाहिजे. आणि प्रत्येक योजनेबद्दल एक प्रश्न विचारायची लाज वाटू देऊ नकोस: पैसे आहेत कुठं? एलआयसीच्या ग्रुप ग्रॅच्युइटी फंडात आहेत, ट्रस्टमध्ये आहेत, की नुसते ताळेबंदात एक आकडा आहेत? कंपनी चालू असताना या प्रश्नाला कुणी भीक घालत नाही. जेट एअरवेजचं काय झालं आठवतं ना? विमानं 2019 ला जमिनीवर आली, आणि कर्मचाऱ्यांचा पीएफ-ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायची की नाही हे कंपनी कायदा अपिलीय लवादापुढं ठरायला ऑक्टोबर 2022 उजाडला. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2023 मध्ये त्यात हात घालायला नकार दिला तेव्हा ते पक्कं झालं. कायदा कर्मचाऱ्यांच्या बाजूनं निघाला. पण मधली वर्षं लोकांनी कशी काढली असतील ते बघ. फंड वेगळा असता तर ही वाट बघावी लागली नसती. कंपनीचा स्वतःचा सवलतप्राप्त पीएफ ट्रस्ट असेल तर आणखी डोळ्यांत तेल घाल: गुंतवणूक बुडाली तर खड्डा कंपनीला भरून द्यावा लागतो.

कंत्राटी कामगारांचं तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते, कारण चाकणमध्ये शेडच्या शेड त्यांच्यावर चालतात. कंत्राटदारानं पीएफ कापला आणि भरला नाही तर पीएफ ऑफिस मुख्य मालकाच्या दारात येतं. बिल पास करण्याआधी चलन बघायचं, आणि चलनात कामगारांची नावं गेटच्या हजेरीशी जुळतात का हेही बघायचं. दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरणा व्हायला हवा. आपल्या कायम कामगारांचा कापलेला हिस्सा एक दिवस जरी उशिरा भरला तरी 1961 च्या आयकर कायद्यात त्याची वजावट जाते, हे सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2022 मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात पक्कं केलं. सीएफओला पीएफ कायद्याची भाषा कळली नाही तरी ही भाषा लगेच कळते.

मेडिक्लेमबद्दल थोडक्यात. कर्मचारी विमा पॉलिसी कधीच वाचत नाहीत. एचआरनं वाटलेली रंगीत पुस्तिका वाचतात. पुस्तिकेत ‘आई-वडिलांना संरक्षण’ असं ठळक आणि पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांवर मर्यादा, असं असेल तर भांडण कंपनीशी होणार, विमा कंपनीशी नाही. दरवर्षी नूतनीकरणानंतर पुस्तिका आणि पॉलिसी शेजारी ठेवून वाच. रंग एचआरला ठेवू दे, शब्द तुझे असू देत.

प्रसूती रजेचा कायदा तुला पाठ आहे: 26 आठवडे, दोन अपत्यं आधी असतील तर 12, आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम, पन्नास कर्मचारी असतील तर पाळणाघर. पाठ नसलेलं सांगते. मुदत संपत असलेल्या नेमणुकीवरची बाई गरोदर असेल तर एचआर म्हणेल, मुदत संपली, लाभ संपला. सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात नेमकं उलट सांगितलंय: लाभ मुदतीच्या पलीकडेही चालतो. हा निकाल छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला तरी चालेल. आणि कुणी म्हणालं की हे सगळे परदेशातून आलेले लाड आहेत, तर सांग की देशातला असा पहिला कायदा मुंबई इलाख्यात 1929 ला झाला, आणि त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. गिरणीतल्या बायांसाठी होता तो कायदा.

ईएसओपीचं तंत्र तू शिकशीलच: कंपनी कायद्याचं कलम 62, लिस्टेड असेल तर सेबीचे 2021 चे नियम, ग्रँट आणि व्हेस्टिंगमध्ये किमान एक वर्ष. मला त्यात एवढंच म्हणायचंय की तिशीतल्या पोरांना कर कधी लागतो हे सोप्या मराठीत नाहीतर हिंदीत समजावून सांगणारा एक कागद तूच तयार कर. शेअर हातात येतो तेव्हा कर लागतो, पैसे हातात नसले तरी. पगारातून टीडीएस कापला गेला की ती कावरीबावरी होऊन तुझ्याकडेच येणार.

‘नाही’ कसं म्हणायचं, हे तू मेलच्या शेवटी विचारलंयस. नुसतं ‘कायद्यात बसत नाही’ म्हणालीस तर पुढच्या बैठकीला तुला बोलावणार नाहीत. आकडा काढून जा. पीएफ थकला तर व्याज 12 टक्के, वर पीएफ कायद्याच्या कलम 14-बीखाली नुकसानभरपाई, तीन वर्षांची थकबाकी, इतके कामगार, इतकी रक्कम. आणि दुसऱ्या रकान्यात आज नीट केलं तर लागणारा खर्च. बहुतेक वेळा दुसरा रकाना लहान निघतो. नाही निघाला तर तेही लिही. कंपनीनं समजून-उमजून पैसे जास्त भरायचं ठरवलं किंवा धोका पत्करायचं ठरवलं, तर तो निर्णय त्यांचा. पण कापून घेतलेला पीएफ न भरणं, खोटी हजेरी, मागल्या तारखेचा फॉर्म, असल्या कागदावर तुझी सही नको. तिथं आकडे नकोत, एका वाक्याचा मेल पुरे. आणि एवढ्यावरही ऐकत नसतील तर सनद आहेच की, सुरू करून घे.

रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचार. तुझं रिपोर्टिंग जनरल कौन्सिलकडे आहे की एचआर हेडकडे? एचआर हेडकडे असेल तर ज्यांचे निर्णय तू तपासायचे तेच तुझं अप्रेझल लिहिणार. निदान कायदा विभागप्रमुखाकडे थेट जाता येईल असं ऑफर लेटरमध्ये लिहून घे. दुसरं, ऑफर लेटर मला पाठवशील तेव्हा सीटीसीच्या परिशिष्टासकट पाठव. त्यात ग्रॅच्युइटी 4.81 टक्के अशी एक ओळ असेल. ते 4.81 टक्के जुन्या बेसिकवर काढलेत की संहितेतल्या वेतनावर, तेवढं त्यांना विचार आणि काय उत्तर येतं ते मला कळव.

बाबाला सांग, दिवाळीला येतेय.

तुझी,
आत्या